कवेलू फेरण्याचे दिवस

मृग लागायला दोन-तीन आठवडे उरले की सेवाग्रामच्या आश्रमात शिड्या बाहेर निघतात. वर्ध्याचा मे महिना म्हणजे पारा पंचेचाळिशीच्या पुढे. त्यामुळे छपरावरचे काम सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांतच उरकावे लागते. कवेलू एकेक करून उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे, वाऱ्याने आणि वांदरांनी सरकवलेले पुन्हा ओळीत बसवायचे, खालच्या बांबूला उधई लागली आहे का हे बोटाने टोकरून पाहायचे. विदर्भात याला कवेलू फेरणे म्हणतात. छप्पर झाले की भिंतींची पाळी. ज्या बाजूंना पावसाचा मार लागतो, तिथे शिंदीच्या पानांच्या झांज्या बांधतात. पावसाळ्यात बापू कुटी पाहायला गेलेल्या माणसाला काही भिंती दिसतच नाहीत. दिसतो तो वाळलेल्या पानांचा आडोसा, आणि त्याच्याआड कोरडी राहिलेली माती.

ऐतिहासिक घराच्या डागडुजीचा प्रश्न शहरात निघाला की कागदपत्रे सुरू होतात. मुंबईत १९९५ साली वारसा वास्तूंची नियमावली आली, इमारतींच्या श्रेणी ठरल्या आणि खिडकीची चौकट बदलायची तरी समितीपुढे जाण्याची रीत पडली. ही रीत चांगली आहे आणि तिने पुष्कळ वाचवले आहे. पण वर्धा जिल्ह्यातल्या या मातीच्या घरांची तपासणी त्याच्या कितीतरी आधी, घरे उभी राहिली त्याच वर्षी सुरू झाली होती. ती करणारा माणूस त्याच घरात राहणार होता. त्या तपासणीचा हा इतिहास आहे.

शंभर रुपयांची अट

१२ मार्च १९३० ला दांडीसाठी साबरमती सोडताना गांधीजींनी स्वराज्य मिळेपर्यंत तिथे न परतण्याचा निश्चय केला होता. १९३३ मध्ये त्यांनी तो आश्रमच विसर्जित केला. जमनालाल बजाज यांचा वर्ध्याला येण्याचा आग्रह जुना होता. वर्ध्यात आल्यावर गांधीजी काही काळ मगनवाडीत राहिले. तिथेच डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचा कारभार हाती घेतला. पण ग्रामोद्योगाची गोष्ट शहरात बसून सांगायची, हे गांधीजींच्या मनाला पटेना. मीराबेन आधीच खेड्यात जाऊन राहिल्या होत्या, प्रथम सिंदीला आणि मग सेगावला. हे सेगाव जमनालालजींच्या मालगुजारीतले, वर्ध्यापासून पाचेक मैलांवरचे.

मार्च १९३६ मध्ये गांधीजींनी जमनालालजींना सेगावात राहण्याचा विचार लिहून कळवला. त्या पत्रात त्यांनी अटी क्रमाने मांडल्या आहेत. बांची, म्हणजे कस्तुरबांची, इच्छा असेल तर त्या सोबत येतील, नाहीतर आपण एकटे राहू. झोपडीवर कमीत कमी खर्च व्हावा आणि तो कोणत्याही परिस्थितीत शंभर रुपयांवर जाऊ नये. लागेल ती मदत सेगावातूनच घ्यावी. देशातल्या सर्वांत मोठ्या पुढाऱ्यासाठी घर बांधायचे, बांधून देणारा देशातल्या मोठ्या उद्योगपतींपैकी एक, आणि घराच्या आराखड्याआधी त्याची मर्यादा कागदावर आलेली.

३० एप्रिल १९३६ ला गांधीजी सेगावात आले. पहिले काही दिवस विहिरीजवळ, पेरूच्या झाडाखाली तात्पुरत्या आडोशात काढले. मग ते प्रकृतीसाठी दक्षिणेत नंदी हिलला गेले आणि इकडे मीराबेन व बलवंतसिंह यांच्या देखरेखीखाली घर उभे राहू लागले. माती गावची, लाकूड-बांबू आसपासचा, हात गावच्या गवंड्या-सुतारांचे. जूनच्या मध्यावर भर पावसात गांधीजी परतले, तेव्हा आदी निवास तयार होता. एक मोठी खोली, भोवती पडवी आणि वर कवेलू.

या एका खोलीत गांधीजी, बा, प्यारेलाल आणि इतर साथी राहू लागले. खान अब्दुल गफ्फार खान यांचे अंथरूण इथेच पडले. १९३६ मध्ये तुकडोजी महाराज महिनाभर आले, तेही इथेच राहिले. भजनाचा आवाज, टपालाचे ढीग, रुग्णांच्या चौकशा, सूतकताई, सारे एका छपराखाली चालत होते.

घर वाढले ते कोणासाठी

गांधीजींना इथे आश्रम नको होता. ते एकटे राहायला आले होते. तरी माणसे येत राहिली आणि घरे वाढत गेली. सेवाग्रामच्या वास्तूंचा खरा इतिहास या वाढीत आहे. आज आपण ज्याला मूळ रूप म्हणतो ते पहिल्या दहा वर्षांत कितीदा तरी बदलले. प्रत्येक बदलामागे एका माणसाची अडचण होती.

आदी निवासात पुरुषांचा सतत राबता. बांना तिथे अवघडल्यासारखे होई. जमनालालजींच्या ते लक्षात आले आणि शेजारी बा कुटी उभी राहिली. सर्वांत प्रसिद्ध झालेली बापू कुटीही बापूंसाठी बांधलेली नव्हती. ती मीराबेनची झोपडी. इंग्रज नौदल अधिकाऱ्याच्या या मुलीने तिच्या भिंतींवर ओल्या मातीतून ताडाची झाडे, मोर, चरखा आणि ॐ उठावात घडवले. आदी निवासात गर्दी मावेनाशी झाली तेव्हा गांधीजी या झोपडीत आले आणि गरजेप्रमाणे ती वाढवली गेली. बाजूला स्नानघर आले. ज्या रुग्णांकडे स्वतः लक्ष द्यायचे, त्यांच्यासाठी बैठकीला लागून एक लहान खोली आली.

१९३९ मध्ये संस्कृत पंडित परचुरे शास्त्री दाराशी आले. गांधीजी त्यांना येरवड्याच्या तुरुंगापासून ओळखत होते. महारोगाने शरीर झिजलेले, कोणी जवळ करीत नव्हते. आश्रमात इतरही माणसे होती, मुले होती, आणि त्या काळी या रोगाची धास्ती फार मोठी होती. गांधीजींनी आपल्या कुटीपासून हाकेच्या अंतरावर त्यांच्यासाठी झोपडी बांधवली आणि रोज स्वतः जाऊन त्यांच्या अंगाला मालिश केले. परचुरे कुटीची जागा त्या अंतराने ठरली.

आखरी निवासाची कथाही अशीच. जमनालालजींच्या राहण्यासाठी म्हणून तो बांधला गेला. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले. पुढे त्या घरात दवाखाना आला आणि डॉ. सुशीला नायर यांच्या कामाने त्याला रूप दिले. आजच्या कस्तुरबा रुग्णालयाची मुळे त्या दवाखान्यात सापडतात.

दरम्यान गावाचे नावही बदलले. बुलढाण्याच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल चुकीच्या ठिकाणी जाई, म्हणून १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात आश्रमाच्या दफ्तरात टेलिफोन बसला. १४ जुलै १९४२ ला वर्ध्यात काँग्रेस कार्यसमितीने इंग्रजांनी सत्ता सोडावी असा ठराव केला. टेलिफोन आला, जगाचे लक्ष आले, पण भिंत मातीची राहिली आणि बैठक जमिनीवरच्या चटईवर. पक्क्या बांधकामाचे पैसे द्यायला माणसे तयार होती. अडत होते ते एका प्रश्नावर: गरज कोणाची, आणि ती याहून साध्या रीतीने भागेल का?

मालक परतला नाही

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत गांधीजींना अटक झाली. १५ ऑगस्टला त्यांचे सचिव महादेवभाई देसाई पुण्याच्या आगाखान महालात वारले. सेवाग्रामच्या महादेव कुटीत ते परतले नाहीत. २२ फेब्रुवारी १९४४ ला त्याच महालात बा गेल्या. सुटकेनंतर १९४४ च्या ऑगस्टमध्ये गांधीजी सेवाग्रामला परतले, तेव्हा बा कुटीत राहणारे कोणी नव्हते. ज्या अडचणीसाठी ते घर बांधले होते ती उरली नव्हती. तरी घर राखले गेले. सेवाग्राममध्ये जतन या शब्दाचा अर्थ बहुधा त्याच वेळी बदलला असावा. तोवर घर राहण्यासाठी सारवले जाई. आता एक घर आठवणीसाठी सारवले जाऊ लागले.

२५ ऑगस्ट १९४६ ला गांधीजी आखरी निवासातून दिल्लीला निघाले. पुढे नोआखाली, बिहार, कलकत्ता, पुन्हा दिल्ली. फेब्रुवारी १९४८ मध्ये रचनात्मक कार्यकर्त्यांच्या बैठकीसाठी सेवाग्रामला यायचे ठरले होते. ३० जानेवारीने ते राहून गेले. बैठक मार्चमध्ये झाली. जवाहरलाल नेहरू आले, राजेंद्रप्रसाद आले, विनोबा आले आणि सर्व सेवा संघाची कल्पना आकाराला आली. बापू गेले, आता वाट कोण दाखवणार, हा प्रश्न त्या मंडपात होता. बाहेर काही पावलांवर ज्या झोपड्या उभ्या होत्या, त्यांच्यापुढेही एक प्रश्न होता: आता या घरांत काय बदलायचे, हे कोण ठरवणार?

गांधीजी असते तर त्यांनी कदाचित यांतली काही घरे मोडून दुसऱ्या कामाला दिली असती. त्यांच्यामागे तसे करण्याचा अधिकार कोणाला वाटला नाही, आणि तेच योग्य झाले. घरे आहेत तशी ठेवायची असे ठरले. पण मातीचे घर आहे तसे राहत नाही. इथून पुढच्या सगळ्या कामाचे अवघडपण या एका वाक्यात आहे.

मातीचे गणित

वर्ध्याची जमीन काळी, कापसाची. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उभी भिंत दरवर्षी थोडी हलते. म्हणून आपल्याकडची जुनी माणसे भिंतीसाठी काळी माती घेत नाहीत, पांढरी घेतात. तिच्यात कुटार, म्हणजे भुसा, मिसळून, पाणी घालून, तुडवून ती मुरू देतात. कुटारामुळे वाळताना भिंत तडकत नाही. वरून शेणमातीचे सारवण. ते वरचेवर झिजते आणि वरचेवर नवे दिले जाते, त्यामुळे झीज सारवणाला लागते, भिंतीला लागत नाही.

मातीच्या भिंतीला जमिनीतली ओल चढते आणि पृष्ठभागावरून उडून जाते. या भिंतीवर टिकाऊपणासाठी सिमेंटचा गिलावा दिला तर ओल आत कोंडते. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते आणि आतून भुसभुशीत होत जाते. काही पावसाळ्यांनी गिलाव्याचा अख्खा पापुद्रा मातीसकट सुटतो. खेडोपाडी कितीतरी जुनी घरे अशी, चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीने गेली आहेत. लाकडाचे दुखणे वेगळे. बल्लीचे टोक भिंतीत जिथे शिरते तिथेच ओल आणि उधई भेटतात. टोक गेले तर पूर्ण बल्ली बदलायची, की चांगला भाग ठेवून जोड द्यायचा? बदलली तर बापूंच्या डोक्यावरचे लाकूड गेले. ठेवली तर एखाद्या वादळात छप्पर खाली येईल. कागदावरचा कोणताही नियम याचे उत्तर परस्पर देत नाही. सुताराला लाकडावर ठोकून आवाज ऐकावा लागतो आणि सोबतच्या माणसांना तिथेच उभे राहून ठरवावे लागते.

आश्रमाची देखभाल सेवाग्राम आश्रम प्रतिष्ठान करते. कवेलू फेरणे, सारवण आणि झांज्या यांचे वार्षिक चक्र हेच इथल्या जतनाचे मुख्य तंत्र. जगात अशी उदाहरणे आणखी आहेत. आफ्रिकेतल्या माली देशात जेने गावची मोठी मशीद आहे. आजची वास्तू १९०७ ची, पूर्ण मातीची. दरवर्षी ठरलेल्या दिवशी अख्खे गाव चिखलाच्या टोपल्या घेऊन तिच्या भिंती लिंपते. जपानमध्ये इसे येथील शिंतो मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडाने जसेच्या तसे बांधतात. मागची वेळ २०१३ ची होती. १९९४ मध्ये जपानमधल्या नारा शहरात जगभरचे जाणकार जमले. अस्सलपणा फक्त जुन्या दगड-लाकडात शोधू नये, ज्या त्या संस्कृतीची परंपरा आणि कारागिरीही त्यात धरावी, अशी भूमिका त्यांनी मांडली. सेवाग्रामच्या गवंड्याला ही भूमिका कोणी वाचून दाखवली नसेल. त्याच्या घरात ती पिढीजात होती.

झोपडीने विचारलेले प्रश्न

१९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच हे आधुनिक संस्थांचे मोठे टीकाकार सेवाग्रामला आले होते. गरिबांसाठीच्या तंत्रज्ञानावर परिषद होती. ते बापू कुटीत बसले आणि त्या अनुभवावर बोलले. माणूस जिथे राहतो ते घर आणि जिथे तो आपले सामान ठेवतो ते घर, यांतला फरक त्यांनी या झोपडीच्या आधाराने उलगडला. त्यांचे ते भाषण पुढे जगभर वाचले गेले.

त्याच दशकात वर्ध्यात हा विचार हातांनी तपासला जात होता. १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या, एकात एक बसणाऱ्या भाजक्या मातीच्या शंकूंची कमान रचायची आणि तिचे छप्पर करायचे, हे तिथले तंत्र ठरले. लोखंड नाही, मोठे लाकूड नाही, आणि कुंभाराच्या चाकाला काम. बापू कुटीची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा तिच्यामागचा प्रश्न पुढे नेणे अधिक अवघड असते. वर्ध्याने ते करून दाखवले.

आराखड्याचे दिवस

गेल्या दशकात सेवाग्रामसाठी राज्य शासनाचा सुमारे २६६ कोटींचा विकास आराखडा आला. रस्ते, सभागृहे, पर्यटकांच्या सोयी, भव्य चरखा, शिल्पे. सोयी लागतात. दूरवरून येणाऱ्या शाळकरी मुलांना पाणी, सावली आणि स्वच्छतागृह मिळालेच पाहिजे. पण शंभर रुपयांच्या अटीशेजारी कोटींचा आकडा ठेवला की मन थांबते, आणि ते थांबावे असे मला वाटते. थांबलेल्या मनानेच नीट विचारता येते की यांतले कोणते काम कोणाची अडचण दूर करते.

२०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडे तोडली जाऊ लागली, तेव्हा वर्धेकर रस्त्यावर आले आणि काम थांबवावे लागले. त्या लोकांच्या हाती कोणत्या समितीचे पत्र नव्हते. सेवाग्रामचा वारसा आश्रमाच्या कुंपणाशी संपत नाही, चालत येणाऱ्याच्या डोक्यावरची सावलीही त्यात येते, एवढे त्यांना कळत होते. पुढच्याच वर्षी साबरमती आश्रमाच्या सुमारे १,२०० कोटींच्या पुनर्विकासाला देशभरातून आक्षेप आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये गांधीविचारांची माणसे सेवाग्रामहून साबरमतीला संदेश यात्रा घेऊन निघाली. ज्या आश्रमाकडे बापू परत गेले नाहीत, त्याच्यासाठी बापूंच्या शेवटच्या आश्रमातून माणसे निघाली. त्यांचे म्हणणे साधे होते: साधेपणा हा या जागांचा आत्मा आहे, त्याला धक्का लावू नका.

केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात प्राचीन स्मारकासाठी किमान शंभर वर्षांची अट आहे. आदी निवास २०३६ मध्ये ती पुरी करील. तेव्हा समारंभ होतील, फलक लागतील आणि ते रास्तच असेल. मला काळजी वाटते ती त्या शिडीवर चढणाऱ्या माणसाची. आज सेवाग्रामच्या आसपासच्या गावांत हिंडले तर कवेलूचे घर शोधावे लागते. घरोघरी स्लॅब आला, टिन आले, आणि ज्याच्या नशिबी गळके छप्पर होते त्याने पक्के घर बांधले याचा आनंदच आहे. पण गावात कवेलूची घरे उरली नाहीत तर कवेलू घडवणारा कुंभार राहणार नाही, ते फेरणारा हात राहणार नाही, पांढरी माती कशी मुरवायची हे सांगणारी आजी राहणार नाही. पूर्वी हे काम शिकायला आश्रमात यावे लागत नसे. गावात शिकलेली माणसे आश्रमात येत. ती वाट आता उलटी करावी लागेल. दरवर्षीच्या दुरुस्तीत दोन तरुण हात सोबत घेणे, त्यांना चांगली मजुरी देणे, कुंभाराचे कवेलू ठरल्या भावाने विकत घेणे आणि कोणती बल्ली कधी व का बदलली याची वही ठेवणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. कोटींच्या आराखड्यात हा खर्च एखाद्या ओळीचा आहे.

गांधीजींच्या पत्रातली एक अट म्हणूनच पुन्हा आठवते: लागेल ती मदत सेगावातूनच घ्यावी. तेव्हा ती काटकसरीची सूचना वाटली असेल. आज कळते की घराचे आयुष्य तिनेच ठरवले. गावची माणसे बांधू शकली म्हणून गावची माणसे आजवर दुरुस्त करू शकली. पहिला पाऊस झाला की झांज्यांवर थेंबांचा एक विशिष्ट आवाज येतो, वाळल्या पानांचा, किंचित खरखरीत. त्यामागे मीराबेनच्या मातीतले मोर कोरडे बसलेले असतात. पुढच्या मृगालाही ते तसेच बसावेत, तर मे महिन्यात कोणीतरी शिंदीची पाने तोडायला निघाले पाहिजे, आणि ती कशी विणायची हे त्याला ठाऊक पाहिजे.